न विकलेली तोंडं

बागेच्या फाटकावर नोटीस लागली ती सकाळी दहाला, आणि साडेदहापर्यंत ती दोनदा काढली गेली. एकदा वाऱ्यानं आणि एकदा भूगोलाच्या सरांनी. वाऱ्यानं तिच्या चिंध्या केल्या. सरांनी दुसरी नोटीस चारी चिकटपट्ट्या नखानं हळूच सोडवून काढली, घडी घातली आणि खिशात ठेवली. पुरावा जपून ठेवायची त्यांना शाळेपासूनची सवय.

नोटिशीत तीनच ओळी होत्या. बागेतला सर्वांत जुना रोलर कोस्टर महिनाअखेर कायमचा बंद होत आहे. त्या जागी नवा, आधुनिक खेळ येत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"गैरसोय!" सर फाटकाशी उभे राहून कडाडले. "घरातलं माणूस गेलं तर कुणी गैरसोय म्हणतं का?"

हे सगळं फोटोबाई आपल्या पत्र्याच्या खोलीतून ऐकत होती. कोस्टरचा पहिला मोठा उतार जिथे संपतो तिथेच खाली तिची खोली. गाडी वरून सुटली की उताराच्या मध्यावर कॅमेरा आपोआप फोटो घ्यायचा, प्रत्येक बाकाचा वेगळा. गाडीतून उतरलेली माणसं पाय लटपटत तिच्या खिडकीशी यायची, फळीवर टांगलेल्या फोटोंत स्वतःला शोधायची आणि म्हणायची, "हा मी नाहीच!" निम्मे लोक फोटो विकत घ्यायचे. उरलेले निम्मे, आपलं असं तोंड जगात कुठे असूच नये म्हणून, न घेता पळ काढायचे. बावीस वर्षं बाईचं हेच काम.

कोस्टरचं पाटीवरचं नाव 'वायुवेग', पण त्या नावानं तिला कुणीही ओळखत नसे. सगळा सांगाडा लाकडाचा. चढण लागली की ती कण्हायला लागायची, माथ्यावर पोचली की मोठ्ठा उसासा टाकायची, आणि मग पदर खोचून अशी धावत सुटायची की आत बसलेल्याला आपली सात पिढ्यांची पापं आठवावीत. म्हणून तिला सगळे म्हातारी म्हणायचे.

म्हातारीचे भक्त फार नव्हते, पण होते ते कडवे. सर दर रविवारी यायचे, एकटे, टापटीप, बुटांना पॉलिश करून. आजवरच्या त्यांच्या एकोणीसशे चौदा फेऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीची नोंद होती. दुसरी भक्त म्हणजे मोठ्या दवाखान्यातली सिस्टर. ती पाळी संपली की गणवेशातच यायची. "वॉर्डात मला ओरडता येत नाही," ती सांगायची. "पेशंट ओरडतात, नातेवाईक ओरडतात, डॉक्टर तर ओरडतातच. माझी पाळी इथे येते." तिच्या ओरडण्याला म्हातारीच्या सांगाड्यावर बसलेली कबुतरंसुद्धा सरावली होती.

दुपारपर्यंत वीसेक माणसं जमली आणि 'म्हातारी बचाव समिती' स्थापन झाली. सर अध्यक्ष झाले. सिस्टर चिटणीस झाली, कारण तिच्याकडे पेन होतं.

"मित्रहो," सर एका बाकावर चढून म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो!"

"पण सर," सिस्टर म्हणाली, "आपल्याला म्हातारी मेल्याचंच दुःख आहे."

सरांनी मान डोलावली. "बरोबर. काळाचं नंतर बघू."

मग सगळा मोर्चा मॅनेजरच्या खोलीकडे निघाला. मॅनेजर तरुण होता, पांढरे बूट घालायचा आणि कुणी काहीही बोललं की आधी म्हणायचा, "मी तुमच्या भावना समजू शकतो." त्यामुळे भांडणाऱ्याची निम्मी हवा तिथेच जायची. त्याच्या टेबलावर नव्या खेळाचं चित्र होतं. अंधाऱ्या खोलीत खुर्च्या, खुर्चीत माणसं, माणसांच्या डोळ्यांवर भलेमोठे चष्मे.

"चष्म्यात डोंगरदऱ्या दिसतात," मॅनेजर उत्साहानं सांगू लागला. "खुर्ची हलते. अगदी खरं वाटतं."

"आणि माणूस जातो कुठे?" सरांनी विचारलं.

"कुठेच जात नाही."

"मग तिकीट कशाचं?"

मॅनेजरनं तो प्रश्न भावनांमध्ये जमा केला आणि तो मुद्द्यावर आला. "हे बघा, सर. म्हातारीवर लोक येत नाहीत. तुम्ही येता, सिस्टर येतात, आणि रस्ता चुकलेले येतात. लोकांचं तिच्यावर प्रेम आहे, असं तुम्ही म्हणता. काही पुरावा?"

सरांनी खिशातून नोटीस काढली, पण ती उलट्याच बाजूचा पुरावा होती हे लक्षात येऊन परत ठेवली.

"आहे," दारातून आवाज आला.

फोटोबाई रजेचा अर्ज द्यायला आली होती. सगळे तिच्याकडे वळले तसं तिला वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण बाण सुटला होता.

"माझ्याकडे फोटो आहेत," ती म्हणाली. "न विकलेले. बावीस वर्षांचे."

"ते तर दर शनिवारी फाडून टाकायचा नियम आहे," मॅनेजर म्हणाला.

"हो," बाई म्हणाली. "पण हातानं माणसाचं तोंड कसं फाडायचं, साहेब? मला नाही जमलं."

बहुधा आयुष्यात पहिल्यांदा मॅनेजरला समोरच्याच्या भावना समजल्या नाहीत.

फोटोबाईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बाजाराच्या गल्लीत त्याचं चिंचोळं दुकान होतं, एका डोळ्याला कायम भिंग, आणि स्वभाव असा की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा वाया घालवायचा नाही. बायकोनं बागेत नोकरी धरली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "ओरडणाऱ्यांचं दुकान." त्यानंतर बावीस वर्षांत त्यानं बागेचं नाव काढलं नव्हतं. घरात मात्र एकशे चाळीस बुटांची खोकी होती. पलंगाखाली, कपाटावर, शिवणयंत्राच्या पोटात, सगळीकडे तोंडं उघडलेली माणसं. पाहुणा आला की आधी दोन खोकी उचलावी लागायची, मग त्याला बसता यायचं.

त्या संध्याकाळी बाई खोकी खाली काढायला लागली तसा नवरा जेवता जेवता उठला.

"सगळी नेणार?"

"सगळी."

"मंगळवारची राहू दे."

मंगळवारी बाईची सुट्टी असायची. ती बहिणीकडे जायची, आणि तिच्या जागी तिकीटखिडकीवरची कुणीतरी बसायची. त्या दिवशीचे उरलेले फोटो बंद पाकिटात घालून बाईसाठी ठेवलेले असायचे. ती पाकिटं तिनं घरी आणली होती, पण उघडली कधीच नव्हती. आपल्या खिडकीतून न गेलेल्या माणसांचे फोटो बघणं तिला दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं वाटायचं.

"का हो?" तिनं विचारलं.

"जड होतील," नवरा म्हणाला आणि पुन्हा जेवायला बसला.

बाईला बरं वाटलं. म्हटलं, बोलत नाही पण काळजी आहे.

बागेच्या बाहेरच्या भिंतीवर समितीनं दोऱ्या बांधल्या आणि चिमट्यांनी फोटो टांगले. सरांनी ते वर्षवार लावले, शिवाय प्रत्येक वर्षात उंच माणसं उत्तरेला. पहिल्या दिवशी तीस माणसं आली, तिसऱ्या दिवशी तीनशे, आणि रविवारी तर वाहतूक पोलीस उभा करावा लागला. तो पोलीसही मध्येच शिट्टी खिशात घालून स्वतःला शोधायला लागला.

गंमत म्हणजे, जे फोटो बघून माणसं कधीकाळी पळाली होती, त्याच फोटोंसाठी आता ती टाचा उंचावून धडपडत होती. "अगं, बघ, माझे केस!" एक टकलू गृहस्थ ओरडले आणि त्यांनी तो फोटो छातीशीच धरला. दोन बायका दोन बाजूंनी आल्या आणि एकाच फोटोला दोघींनी हात घातला. फोटोत त्या दोघीच होत्या, पंचविशीच्या, एकमेकींच्या गळ्याला अशा मिठ्या मारलेल्या की कुणाचा हात कुणाचा ते कळू नये. नऊ वर्षं त्या बोलत नव्हत्या, असं मागून समजलं. तो फोटो कुणी न्यायचा यावरून त्यांचं जे कडाक्याचं भांडण जुंपलं ते तिन्हीसांजेपर्यंत चाललं. पुढे दर आठवड्याला ते भांडण पुढे न्यायला त्या भेटू लागल्या.

एका बाईनं आपल्या नवऱ्याला बखोटीला धरून एका फोटोसमोर उभं केलं. "हे कोण?" फोटोत गृहस्थ सर्वांत पुढच्या बाकावर, दोन्ही हात वर, चेहऱ्यावर परमानंद. "पंधरा वर्षं मला सांगताय, उंचीची भीती वाटते म्हणून! माळ्यावर मी चढायचं, पंखा मी पुसायचा, दिवे मी बदलायचे!" गृहस्थ म्हणाले, भीती या प्रसंगानंतरच बसली. पण त्यांना घरी जाऊन माळा काढावा लागला तो लागलाच.

आणि एक दंतवैद्य रोज येऊ लागला. तो फोटोंसमोरून हात मागे बांधून, मान तिरकी करून, तल्लीन होऊन फिरायचा. "इतके उघडे जबडे एका जागी मी कॉलेजातसुद्धा बघितले नव्हते," तो बाईला म्हणाला. एकदा त्यानं एका अनोळखी माणसाला थांबवलं. "तुम्हीच ना हे? खालची उजवी दाढ तेव्हा होती. आता?" माणूस ओशाळला. "काढली." दंतवैद्यानं मान हलवली. "वाचली असती हो."

फोटो बघून झाले की लोकांना राहवत नसे. ते तिकीट काढून म्हातारीवर चढत. रांग फाटकाबाहेर गेली. मॅनेजर खिडकीतून ती रांग बघत राहिला आणि त्याच्या पांढऱ्या बुटाचं टोक जमिनीवर ताल धरू लागलं. सरांनी तर दोन हजारांचा आकडा गाठायचाच असं ठरवून दिवसाला सहा-सहा फेऱ्या मारायला सुरुवात केली. एकोणीसशे छप्पन्नाव्या फेरीला त्यांच्या मानेनं राजीनामा दिला. सिस्टरनं त्यांच्या गळ्यात पट्टा घातला. आता सरांना म्हातारीकडे वर बघता येईना, म्हणून ते तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आवाजावरून सांगायचे, "आता तिसऱ्या वळणावर."

लोक आपापले फोटो घरी नेत होते, त्यामुळे आठवडाभरात दोऱ्या ओस पडू लागल्या. तेव्हा बाईनं घरी ठेवलेली मंगळवारची पाकिटंही आणली आणि सिस्टरनं ती उघडली.

"बाई, हे बघा कोण," ती हसत आली. "मघापासून मला हा एकच माणूस सापडतोय. हा बघा. हा बघा. आणि हाही. शेजारचा जीव मुठीत धरून बोंबलतोय, आणि हे महाशय घड्याळ बघतायत!"

खरंच तसं होतं. दरवेळी डावं मनगट नाकासमोर धरलेलं, मान खाली, कपाळाला आठी. जग उलटंपालटं होतंय आणि याला कुठेतरी उशीर होतोय. वर्षं सरत होती, केस पिकत होते, शर्ट बदलत होते, पण मनगट तिथेच. लोकांना तो वेड्यासारखा आवडला. त्याला 'घाईवाले काका' असं नाव पडलं. तासाभरात त्याचे एकशे बेचाळीस फोटो सापडले, आणि शेवटी सर्वांत जुना. त्यात मात्र घड्याळ नव्हतं. त्यात काकांनी डोळे गच्च मिटून शेजारच्या एका अगडबंब अनोळखी माणसाला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं आणि त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

फोटोबाईनं तो फोटो हातात घेतला. तो शर्ट तिनं स्वतः शिवला होता. खिसा जरा वाकडा बसला होता, तोही फोटोत दिसत होता.

ती तशीच आत गेली. म्हातारीची देखभाल करणारा आणि गाडी सोडणारा फोरमन साखळीला तेल घालत होता. बाईनं त्याला फोटो दाखवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"दर महिन्याचा पहिला मंगळवार," फोरमन म्हणाला. "दुपारी दीडची फेरी."

"मग सांगितलं नाहीत कधी!"

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

बाई तशीच दुकानात गेली. नवरा भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात डोकावत होता. तिनं दोन फोटो काउंटरवर ठेवले, मिठीचा आणि मनगटाचा. नवऱ्यानं आधी भिंगातून बघितलं, मग भिंग काढून बघितलं, मग चिमटा खाली ठेवला.

"मंगळवारची राहू दे म्हटलं होतं," तो म्हणाला.

"जड होतील म्हणालात!"

"झालीच की."

"अहो, पण का? बावीस वर्षं! मी बहिणीकडे गेले की तुम्ही दुकान बंद करून म्हातारीवर बसताय? आणि मला म्हणायचं ओरडणाऱ्यांचं दुकान!"

नवऱ्यानं काउंटरवरची धूळ बोटानं एका बाजूला केली. मग तो बोलला, आणि लग्नानंतर एवढं सलग तो पहिल्यांदाच बोलत असावा.

"तू कामाला लागलीस आणि रोज घरी हसत यायला लागलीस. एकटीच हसायचीस. भाजी चिरताना मध्येच हसायचीस. मला कळेना, एवढं काय असतं तिथे. म्हटलं, बघून यावं. पण मी आधी त्या नोकरीला नाव ठेवलेलं. तुझ्यासमोर कसा येणार? म्हणून मंगळवारी गेलो. गेलो आणि..." त्यानं मिठीच्या फोटोकडे बोट केलं. "तो माणूस फार सज्जन होता. पाणी पाजलं त्यानं मला."

"मग परत कशाला गेलात?"

"असं तोंड घेऊन संपवायचं नव्हतं. दुसऱ्या वेळी ठरवलं, खाली बघायचंच नाही. घड्याळाकडे बघायचं. काटा फिरतो तेवढं बघत राहायचं. तेव्हा निभावलं. मग सवय झाली."

"आणि भीती?"

"ती आहे की. आज बावीस वर्षं आहे."

बाईला रागवायचं होतं. तशी तयारी करूनच ती आली होती. पण भीती वाटत असताना दर महिन्याला जीव मनगटावर धरून बसायला जाणारा माणूस समोर बघून तिला असं हसू फुटलं की शेजारचा चष्मेवाला काय झालं म्हणून बाहेर आला. नवरा आधी दुखावला. मग त्याच्याही ओठाचा एक कोपरा हलला.

"वेळ लिहून ठेवायचो," तो म्हणाला आणि खणातून एक वही काढली. गाडी सुटल्यापासून थांबेपर्यंत लागलेला वेळ, दर महिन्याचा, सेकंदासकट, बारीक सुबक अक्षरात.

ही वही सरांच्या हाती पडली तेव्हा त्यांना पट्ट्यातूनही उड्या माराव्याशा वाटल्या. "शास्त्रीय पुरावा!" ते म्हणाले. "बावीस वर्षांची आकडेवारी! याचा आलेख काढतो. म्हातारी अजून किती ठणठणीत आहे ते मॅनेजरच्या भिंतीवरच लावतो!" ते वही घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती मॅनेजरच्या खोलीत जमली. सर शेवटी आले. हातात गुंडाळी होती आणि चेहरा उतरलेला. सगळ्यांना वाटलं, मान दुखत असेल.

सरांनी आलेख भिंतीवर लावला. डावीकडून उजवीकडे एक रेघ ऐटीत वर चढत गेली होती.

"अरे वा!" मॅनेजर उठूनच उभा राहिला. "वर जातंय! बावीस वर्षं सतत वर! आमच्या वरिष्ठांना असंच काहीतरी लागतं." त्यानं लगेच मोबाइलवर आलेखाचा फोटो काढला. "मी तुमच्या भावना समजू शकतो, सर. रांग तर मी रोज बघतोच आहे. आता हा आलेख पाठवतो आणि सांगतो, आणखी दोन वर्षं तरी चालू ठेवू या. काय?"

समितीनं टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं शीळ घातली. फक्त सर टाळी वाजवत नव्हते. चार शब्द गिळले असते तर म्हातारी वाचत होती. पण चौतीस वर्षं या माणसानं आलेख खोटा वाचला म्हणून मुलांना बाकावर उभं केलं होतं.

"साहेब, बसा," ते शेवटी म्हणाले. "उभ्या अक्षावर वेळ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रेघ वर जाते आहे याचा अर्थ वेळ जास्त लागतो आहे. पहिल्या वर्षी एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. आता दोन मिनिटं तीन सेकंद." सरांनी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "ती थकली आहे, साहेब."

बाईचा नवरा कोपऱ्यात उभा होता, तो आपल्याच हातून खून झाल्यासारखा वहीकडे बघत होता. मॅनेजरनं फोरमनला बोलावलं. फोरमननं आलेख दोनदा वर-खाली बघितला.

"पंधरा सेकंद," तो म्हणाला. "कानाला कळत होतं मला. आकडा आज कळला."

"धोका आहे?"

"आज नाही. रोज पहाटे एकेक फळी बघतो मी. पण पुढच्या वर्षाचं लिहून द्या म्हणालात तर माझं पेन चालायचं नाही."

सगळे सिस्टरकडे बघू लागले. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. अशा वेळी माणसं आपोआप सिस्टरकडेच बघतात.

"पेशंट थकलाय," सिस्टर म्हणाली. "उगाच नळ्या लावून ठेवू नका. धडधाकट आहे तोवर चालत घरी जाऊ दे."

मग तिनं समितीच्या वहीत तसा ठराव लिहिला आणि पान उलटून नाक पुसलं.

शेवटची फेरी रविवारी दुपारी चारला ठरली. पुढचं बाक हक्कानं सरांचं, पण मान पट्ट्यात. त्यांनी ते फोटोबाईला दिलं. तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की बाई बावीस वर्षांत एकदाही म्हातारीवर बसलेली नाही.

"मला खालूनच सगळं दिसायचं," ती म्हणाली. "आणि वर गेले असते तर खिडकीवर कोण बसलं असतं?"

खिडकीवर तिकीटवाली बसली. बाई पुढच्या बाकावर, शेजारी नवरा, मागे सिस्टर, दंतवैद्य, त्या भांडणाऱ्या दोघी आणि जागा मिळेल तेवढी माणसं. फोरमननं दांडा खाली दाबला, हलवून बघितला आणि गाडी सोडली. म्हातारी कण्हत निघाली.

"माझ्याकडे बघ," नवरा म्हणाला. त्यानं डावं मनगट दोघांच्या मध्ये धरलं. "किंवा याच्याकडे बघ. खाली बघू नकोस."

बाईनं लगेच खाली बघितलं.

"अहो!" ती ओरडली. "अहो, माझा पत्रा बघा!"

तिच्या खोलीचं छप्पर वरून काडेपेटीएवढं दिसत होतं आणि त्यावर तिळाएवढी जागा मोकळी नव्हती. चपला, सगळ्या एकेका पायाच्या. टोप्या, कंगवे, गॉगल, एक छत्री, एक बाहुली, आणि उन्हात लखलखणारी चक्क एक कवळी. बावीस वर्षं ती खाली बसून डोक्यावर काहीतरी पडल्याचे आवाज ऐकत होती आणि कावळ्यांना शिव्या देत होती.

"ती करडी टोपी माझी," नवरा मनगटावरून नजर न हलवता म्हणाला.

"हरवली म्हणालात बसमध्ये!"

"मग काय सांगणार होतो?"

"आणखी काय काय आहे तुमचं तिथे? आताच सांगा! तो मफलर तुमचा का? मी विणलेला? अहो, मी दोन दिवस कपाट उपसलं त्याच्यासाठी—"

इतक्यात म्हातारीनं उसासा टाकला आणि सुटली. मागून सिस्टरनं अशी आरोळी ठोकली की सांगाड्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. खाली सर म्हातारीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे होते आणि पुटपुटत होते, "पहिलं वळण. दुसरं. शाबास. तिसरं." बाईचं बोलणं मात्र थांबलं नाही. उतारावर, वळणांवर, वाऱ्याच्या झोतात, ती मफलरबद्दल बोलतच राहिली, आणि नवरा "हो, हो, चुकलं" म्हणत राहिला.

गाडी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही रडले, दंतवैद्य फळीकडे धावला.

"किती?" सरांनी पाठमोरेच विचारलं.

"दोन मिनिटं पाच," नवरा म्हणाला.

"दोन सेकंद जास्त?"

"एवढी माणसं भरलीत, होणारच," फोरमन म्हणाला. त्यानं दांडा वर केला आणि गाडीच्या नाकावर दोनदा थोपटलं.

मग शिडी मागवली आणि पत्र्यावरचं सामान उतरवलं. कवळीला मालक मिळाला नाही. दंतवैद्यानं ती अभ्यासाला नेली. मफलर नवऱ्याचाच निघाला. कबुतरांनी त्यात घर केलं होतं, म्हणून तो तिथेच राहू दिला.

म्हातारी उतरवायला तीन आठवडे लागले. लाकूड चांगलं होतं, लोकांनी मागून नेलं. सरांनी तिसऱ्या वळणाची एक फळी नेऊन तिच्यावर पुस्तकं मांडली. नव्या खेळावर मॅनेजरनं फोटोबाईला घेतलं, जास्त मानानं, पंख्याखाली. पण माणसं अंधारात बसायची, निम्मं तोंड चष्म्याखाली, आणि फोटोत नुसत्या हनुवट्या यायच्या. चार दिवस बाईनं हनुवट्या बघितल्या आणि पाचव्या दिवशी राजीनामा दिला.

आता ती नवऱ्याच्या दुकानातच असते. अर्ध्या भागात पडदा लावलाय, एक स्टूल आहे, आणि बाहेर पाटी आहे, 'ओळखपत्राचे फोटो दहा मिनिटांत'. नियम कडक असतात. हसायचं नाही, दात दिसायला नकोत, सरळ बघायचं. बाई सगळं नीट समजावून सांगते, कॅमेरा डोळ्याला लावते, आणि समोरच्याचं ते कसनुसं आवळलेलं तोंड बघून तिलाच हसू फुटतं. ती हसली की गिऱ्हाईक हसतं. मग दुसरा, तिसरा, चौथा फोटो.

"दहा मिनिटं होऊन गेली," पडद्यापलीकडून नवरा सांगतो.

"तुम्ही घड्याळं बघा," ती म्हणते. "हं, परत एकदा. आणि आता कुणीही माझ्याकडे बघायचं नाही."